डेव्हिड क्रॉकेट : जीवन, आत्मचरित्र आणि आख्यायिका

अमेरिकन साहित्याच्या इतिहासात लोकनायकांची एक स्वतंत्र आणि समृद्ध परंपरा आढळते. या नायकांपैकी पॉल बनियनसारखे काही सर्वस्वी कल्पित आहेत. तर डॅनियल बून, सफरचंदाच्या रोपवाटिका लावीत हिंडणारा जॉन चॅपमन आणि डेव्हिड क्रॉकेट हे इतिहासात प्रत्यक्ष वावरलेले पुरुष आहेत. या दुसऱ्या वर्गात क्रॉकेटचे स्थान वेगळे आहे. त्याची आख्यायिका त्याच्या मृत्यूनंतर हळूहळू साकारली नाही. तो हयात असतानाच ती रंगभूमीवर आली, छापली गेली आणि विकली गेली. ती आपल्या ताब्यात घेण्याचा त्याने लेखनाद्वारे प्रयत्न केला, आणि त्या प्रयत्नात त्याला अर्धेच यश आले. आपल्याकडे बखर आणि पोवाडा यांचा अभ्यास करताना रचना कोणाच्या आश्रयाने व कोणत्या श्रोत्यांसाठी झाली हा प्रश्न अटळपणे समोर येतो. क्रॉकेटच्या बाबतीत तोच प्रश्न मुद्रणयुगात, प्रकाशक आणि राजकीय पक्ष यांच्या संदर्भात उपस्थित होतो. म्हणून त्याच्या जीवनाचा वृत्तांत त्याच्याविषयीच्या पुस्तकांसह सांगणे आवश्यक ठरते.

डेव्हिड क्रॉकेटचा जन्म १७ ऑगस्ट १७८६ रोजी नोलिचकी नदीच्या काठी झाला. हा प्रदेश आज टेनेसी राज्याच्या पूर्व भागात मोडतो. परंतु टेनेसी राज्य १७९६ साली अस्तित्वात आले, आणि क्रॉकेट जन्मला तेव्हा तेथील वसाहतवाल्यांनी ‘फ्रँकलिन’ नावाचे, कोणाचीही अधिकृत मान्यता नसलेले राज्य उभे केले होते. त्याचे वडील जॉन क्रॉकेट आणि आई रिबेका हॉकिन्स. १७७७ साली, म्हणजे त्याच्या जन्मापूर्वी नऊ वर्षे, त्याचे आजोबा आणि आजी मूलनिवासींच्या हल्ल्यात मारले गेले होते. ही घटना घरात सर्वांना ठाऊक होती आणि पुढे क्रॉकेटने आपल्या आत्मचरित्रातही ती नोंदविली. त्याच्या राजकीय जीवनातील सर्वांत महत्त्वाच्या निर्णयाचा विचार करताना या कौटुंबिक पार्श्वभूमीचे स्मरण ठेवावे लागते.

जॉन क्रॉकेट कर्जात बुडालेला गृहस्थ होता. गिरणीचा उद्योग पुरात वाहून गेल्यावर त्याने वाटसरूंसाठी एक लहान खाणावळ चालविली. डेव्हिडला बाराव्या वर्षी गुरांच्या कळपासोबत व्हर्जिनियात मजुरीवर पाठविण्यात आले. परतल्यावर शाळेत घातले, तर चार दिवसांत एका मोठ्या मुलाशी मारामारी झाली. मास्तराच्या आणि त्यानंतर वडिलांच्या छडीच्या भीतीने त्याने घर सोडले. काही वर्षे गाडीवानांकडे, शेतकऱ्यांकडे आणि एका टोप्या बनविणाऱ्याकडे काम करून तो परत आला, तेव्हा अनोळखी वाटसरूप्रमाणे खाणावळीत जेवायला बसला. थोरल्या बहिणीने ओळखेपर्यंत घरच्यांना त्याची ओळख पटली नाही. यानंतर वडिलांचे छत्तीस डॉलरचे एक कर्ज त्याने सहा महिने राबून फेडले. चाळीस डॉलरचे दुसरे कर्ज त्याने कोणी न सांगता आणखी सहा महिने राबून फेडले. हा दुसरा सावकार क्वेकर पंथाचा होता. त्याच्या मुलाकडे आठवड्यातून चार दिवस शिक्षण आणि त्याच्या मोबदल्यात दोन दिवस काम, अशा व्यवस्थेने क्रॉकेटने सुमारे सहा महिने अक्षरओळख करून घेतली. त्याचे औपचारिक शिक्षण जवळजवळ एवढेच.

१८०६ साली त्याने पॉली फिनली हिच्याशी विवाह केला. शेती त्याला कधी साधली नाही, शिकार साधली. नव्या जमिनीच्या शोधात हे कुटुंब पश्चिमेकडे सरकत गेले. १८१३ साली ते टेनेसीच्या दक्षिण भागात स्थिरावते न स्थिरावते तोच, ३० ऑगस्ट रोजी अलाबामातील फोर्ट मिम्स येथे क्रीक लोकांच्या एका गटाने वसाहतवाल्यांची मोठी कत्तल केली. पत्नीच्या विरोधाला न जुमानता क्रॉकेट स्वयंसेवकांच्या फौजेत दाखल झाला. या फौजेचे सेनापतिपद अँड्र्यू जॅक्सन याच्याकडे होते.

३ नोव्हेंबर १८१३ रोजी टालुशाची या क्रीक गावावर हल्ला झाला. त्यात सुमारे १८६ क्रीक मारले गेले. अमेरिकनांची हानी पाच माणसांची होती. क्रॉकेटने पुढे वीस वर्षांनी या प्रसंगाचे जे वर्णन केले त्यात शौर्याचा अभिनिवेश फारसा नाही. एका घरात शिरलेल्या शेहेचाळीस योद्ध्यांना गोळ्या घालून घरासह जाळण्यात आले, असे त्याने लिहिले आहे. दुसऱ्या दिवशी उपाशी सैनिकांना त्या जळक्या घराखालच्या तळघरात बटाटे सापडले. जळालेल्या देहांची चरबी त्यांवर ओघळलेली होती, तरी भुकेपोटी ते खाल्ले गेले. हे सांगताना तो कोणतेही भाष्य करीत नाही. युद्धवर्णनाच्या तत्कालीन अमेरिकन संकेतांत न बसणारा हा मजकूर आहे, आणि आत्मचरित्राच्या साहित्यिक मूल्याचा विचार करताना अभ्यासक त्याकडे वळतात. मात्र त्याच आत्मचरित्रात, मुदत संपलेल्या स्वयंसेवकांनी जॅक्सनविरुद्ध केलेल्या बंडात आपण सहभागी होतो असा जो दावा आहे, तो सेवानोंदींशी जुळत नाही. त्याच्या भरतीची नव्वद दिवसांची मुदत संपली होती आणि तो रीतसर घरी परतला होता. १८३४ साली जॅक्सनचा विरोधक म्हणून लिहिणाऱ्या क्रॉकेटला १८१३ मधील क्रॉकेटही विरोधकच हवा होता, हे यावरून उघड होते.

१८१५ साली पॉलीचे निधन झाले. तीन लहान मुले सांभाळण्याचा प्रश्न होता. क्रीक युद्धातच पती गमावलेल्या आणि दोन मुले असलेल्या एलिझाबेथ पॅटन हिच्याशी त्याने दुसरा विवाह केला. एलिझाबेथ व्यवहारकुशल होती आणि तिच्याजवळ काही पैसाही होता. लॉरेन्स परगण्यात त्यांनी पिठाची गिरणी, मद्याची भट्टी आणि बंदुकीच्या दारूचा कारखाना उभारला. तेथेच क्रॉकेट स्थानिक दंडाधिकारी झाला, नागरी फौजेचा लेफ्टनंट कर्नल म्हणून निवडून आला आणि १८२१ साली राज्याच्या विधिमंडळात पोहोचला. त्याच वर्षी पुराने गिरणी आणि कारखाना वाहून नेला. जे काही होते ते धनकोंना देऊन टाकण्याचा सल्ला एलिझाबेथने दिला आणि त्याने तो मानला. कुटुंब पुन्हा पश्चिमेकडे, ओबायन नदीच्या जंगली प्रदेशात गेले. १८२५-२६ च्या हंगामात आपण १०५ अस्वले मारली असे तो सांगतो. हा आकडा तपासण्याचे साधन नाही. परंतु मतदारांनी तो स्वीकारला होता.

१८२५ साली काँग्रेसच्या निवडणुकीत तो हरला. १८२७ आणि १८२९ साली निवडून आला. निवडणुकीच्या सभेत प्रतिस्पर्ध्याने मुद्देसूद भाषण करावे आणि क्रॉकेटने एखादी गोष्ट सांगून श्रोत्यांना हसवीत मद्याच्या पिंपाकडे न्यावे, हा प्रकार त्या भागात प्रसिद्ध झाला. तथापि त्याला विदूषक समजणे चुकीचे होईल. वॉशिंग्टनमधील त्याच्या सर्व कारकिर्दीत एकच मागणी सातत्याने आढळते. पश्चिम टेनेसीत दस्तऐवजाविना जमीन कसणारी असंख्य गरीब कुटुंबे होती. जंगल तोडून त्यांनी जमीन लागवडीखाली आणायची आणि नंतर कोणा सधन माणसाने जुना हक्कलेख दाखवून त्यांना हुसकून लावायचे, असा क्रम चालू होता. ही सरकारी जमीन राज्याच्या हवाली न करता थेट कसणाऱ्यांना द्यावी, असा क्रॉकेटचा आग्रह होता. टेनेसीचे इतर प्रतिनिधी, विशेषतः पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जेम्स पोक, या सूचनेच्या विरोधात होते. येथून जॅक्सनच्या पक्षाशी त्याचे बिनसले.

निर्णायक प्रसंग १८३० साली आला. आग्नेय भागातील क्रीक, चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ आणि सेमिनोल लोकांना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस हलविण्याचा कायदा हा जॅक्सनच्या धोरणाचा गाभा होता. २६ मे १८३० रोजी प्रतिनिधिगृहात तो १०२ विरुद्ध ९७ मतांनी संमत झाला. टेनेसीच्या प्रतिनिधींमध्ये विरोधात मत देणारा क्रॉकेट एकटाच होता. त्याच्या मतदारसंघात या कायद्याला उघड पाठिंबा होता. त्याचे आजीआजोबा मूलनिवासींच्या हातून मारले गेले होते, आणि तो स्वतः त्यांच्याविरुद्ध लढला होता. केवळ जॅक्सनद्वेषातून त्याने हे मत दिले असे काही इतिहासकार म्हणतात. त्या स्पष्टीकरणात तथ्यांश आहे; तथापि द्वेष व्यक्त करण्याचे यापेक्षा कमी नुकसानीचे अनेक मार्ग त्याला उपलब्ध होते, हेही लक्षात घ्यावे लागते. १८३१ साली तो पराभूत झाला.

या पराभवाच्या काळातच ‘डेव्ही’ क्रॉकेटचा जन्म झाला. तो स्वतः सही नेहमी डेव्हिड अशीच करीत असे. १८३१ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर जेम्स कर्क पॉल्डिंग याचे ‘द लायन ऑफ द वेस्ट’ हे नाटक आले. त्यातील निमरॉड वाइल्डफायर हा केंटकीचा बढाईखोर, रांगडा आणि मनाने निर्मळ कर्नल म्हणजे क्रॉकेटच, असे प्रेक्षकांनी ठरविले. पॉल्डिंगने हे नाकारले होते आणि क्रॉकेटला तसे पत्रही लिहिले होते; परंतु समजूत कायम राहिली. जेम्स हॅकेट हा नट ही भूमिका करीत असे. १८३३ च्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये प्रयोग असता क्रॉकेट प्रेक्षागृहात आला. हॅकेटने त्याला लवून अभिवादन केले आणि क्रॉकेटने उठून ते स्वीकारले, अशी हकीकत नोंदली गेली आहे.

१८३३ सालीच त्याचे एक निनावी चरित्र प्रसिद्ध झाले आणि त्याचा प्रचंड खप झाला. त्यात वाइल्डफायरची भाषा आणि बढाया क्रॉकेटच्या तोंडी घातल्या होत्या. या पुस्तकाने आपले विकृत चित्र उभे केले असे सांगून क्रॉकेटने स्वतःचे चरित्र लिहावयास घेतले. १८३३ साली तो पुन्हा निवडून आलेला होता. वॉशिंग्टनमध्ये त्याच्यासोबत राहणारा केंटकीचा प्रतिनिधी थॉमस चिल्टन याने लेखनात साहाय्य केले. १८३४ साली फिलाडेल्फियाच्या केरी अँड हार्ट या प्रकाशनसंस्थेने ते प्रसिद्ध केले. उत्पन्नाचा अर्धा वाटा चिल्टनचा आहे असे क्रॉकेटने प्रकाशकांना कळविले होते. मुखपृष्ठावर मात्र चिल्टनचे नाव नाही. शुद्धलेखन आणि व्याकरण यांवर फार संस्कार करू नयेत अशी लेखकाची भूमिका प्रस्तावनेत मांडलेली आहे. अनागरतेचा हा आग्रह स्वाभाविक किती आणि जाणीवपूर्वक किती, हे ठरविणे कठीण आहे. सीमाप्रदेशातील बोली गद्यात आणणारे प्रारंभीचे अमेरिकन पुस्तक म्हणून त्याचे महत्त्व मात्र वादातीत आहे. अमेरिकन बोलीगद्याची जी वाट पुढे मार्क ट्वेनपर्यंत जाते, तिच्या आरंभीच्या टप्प्यांत या पुस्तकाचा समावेश करावा लागतो.

येथवर क्रॉकेटने आपले चित्र स्वतःच्या हाताने काढले होते. यानंतर ते चित्र व्हिग पक्षाच्या हाती गेले. जॅक्सनविरोधी सधन व्यापारीवर्गाच्या या पक्षाला सामान्य जनतेतून आलेला एखादा पश्चिमी चेहरा हवा होता. १८३४ च्या वसंतात अधिवेशन चालू असताना क्रॉकेटला बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, बोस्टन अशा दौऱ्यावर नेण्यात आले. मेजवान्या झाल्या, भाषणे झाली, फिलाडेल्फियाच्या व्हिगांनी त्याला एक उंची बंदूक भेट दिली. १८३५ साली या दौऱ्याचा वृत्तांत आणि त्याच वर्षी मार्टिन व्हॅन ब्यूरेन याचे उपहासात्मक चरित्र अशी दोन पुस्तके त्याच्या नावावर प्रसिद्ध झाली. ती प्रामुख्याने इतरांनी लिहिलेली होती. व्हर्नन पॅरिंग्टन यांनी १९२७ साली आपल्या अमेरिकन विचारेतिहासात क्रॉकेटच्या या राजकीय वापराचे कठोर विश्लेषण केले. ते बऱ्याच अंशी मान्य करावे लागते. परंतु पॅरिंग्टन यांना अभिप्रेत होता तितका क्रॉकेट निर्बुद्ध बाहुला नव्हता. दौऱ्यातून परतल्यावरही जमिनीच्या विधेयकासाठी त्याची धडपड थांबली नाही. ते विधेयक मंजूर झाले नाही. ज्या गरीब मतदारांसाठी तो भांडत होता त्यांना आपला प्रतिनिधी अधिवेशन सोडून पूर्वेकडील श्रीमंतांच्या पंगतीत बसलेला दिसला. ऑगस्ट १८३५ मध्ये ॲडम हंट्समन या लाकडी पायाच्या वकिलाने त्याचा २५२ मतांनी पराभव केला.

१ नोव्हेंबर १८३५ रोजी काही आप्तमित्रांसह तो टेक्ससकडे निघाला. तो तेथे हौतात्म्यासाठी गेला नव्हता. जमीन पाहावी, जमल्यास नव्याने राजकारण सुरू करावे, हा त्याचा हेतू होता. जानेवारी १८३६ मध्ये नॅकोडोचेस येथे त्याने स्वयंसेवक म्हणून शपथ घेतली. भावी सरकार प्रजासत्ताक असेल तरच निष्ठा, अशी दुरुस्ती त्याने शपथेच्या मसुद्यात करवून घेतली. ९ जानेवारीच्या आपल्या अखेरच्या ज्ञात पत्रात त्याने टेक्ससच्या भूमीची मुक्तकंठाने स्तुती केली आहे आणि तेथील घटनासमितीवर निवड होण्याची आशा प्रकट केली आहे. फेब्रुवारीत तो सॅन अँटोनिओत पोहोचला. २३ फेब्रुवारी रोजी मेक्सिकोच्या सान्ता आना याच्या सैन्याने आलामो या जुन्या मिशनच्या वास्तूला वेढा घातला. ६ मार्च १८३६ रोजी पहाटे ती पडली आणि आतील सर्व लढवय्ये मारले गेले. क्रॉकेटचे वय तेव्हा एकोणपन्नास होते.

त्याचा मृत्यू नेमका कसा झाला हा प्रश्न तेव्हापासून वादाचा आहे. वाचलेल्यांपैकी सुझॅना डिकिन्सन हिने त्याचा देह इमारतींमधील मोकळ्या जागेत पाहिल्याचे सांगितले. लढाईनंतर काही लोक जिवंत पकडले गेले, त्यांत क्रॉकेट होता आणि सान्ता आनाच्या आज्ञेने त्यांना ठार केले, अशी वार्ता १८३६ सालीच वृत्तपत्रांत आली होती. मेक्सिकन अधिकारी होसे एन्रिके दे ला पेन्या याच्या आठवणींचे हस्तलिखित १९५५ साली मेक्सिकोत छापले गेले. त्यात हीच माहिती आहे, आणि पकडलेल्यांनी धैर्याने मरण पत्करले असेही तो लिहितो. १९७५ साली त्याचे इंग्रजी भाषांतर आले तेव्हा अनुवादिका कार्मेन पेरी यांना संतप्त टीका सहन करावी लागली. निःशस्त्र झालेल्या बंदिवानाचे मरण लोकनायकाला शोभत नाही, अशी ही भावना होती. हस्तलिखिताच्या सत्यतेचा वाद पुरावाशास्त्राच्या कक्षेतला आहे. तो उफाळून आला तो या भावनेमुळे.

मृत्यूनंतर पुस्तकांना धरबंध उरला नाही. १८३६ सालच्या उन्हाळ्यातच त्याच्या ‘टेक्ससमधील रोजनिशी’चे पुस्तक बाजारात आले. आलामोत सापडलेली ही रोजनिशी शेवटच्या दिवसापर्यंतची असल्याची बतावणी होती. प्रत्यक्षात फिलाडेल्फियाचा नाटककार रिचर्ड पेन स्मिथ याने ती घाईने रचली होती, आणि दौऱ्याच्या पुस्तकाच्या न खपलेल्या प्रती संपविणे हा प्रकाशकांचा एक हेतू होता. ही बनावट रोजनिशी पुढे कित्येक दशके क्रॉकेटच्या आत्मचरित्राला जोडून छापली गेली आणि वाचकांनी ती खरी मानली.

याहून दूरगामी परिणाम पंचांगांचा झाला. १८३५ ते १८५६ या काळात क्रॉकेटच्या नावाने वार्षिक पंचांगे निघत. चंद्राच्या कला आणि हवामान यांच्या जोडीला त्यांत अचाट कथा असत. गोठलेल्या पृथ्वीचा आस अस्वलाच्या चरबीने मोकळा करून सूर्योदय घडविणारा क्रॉकेट या पंचांगांतला आहे. कॉन्स्टन्स रोर्क यांनी १९३१ व १९३४ सालच्या आपल्या ग्रंथांत या कथांमध्ये अमेरिकन पुराणकथेचा उगम पाहिला. रिचर्ड डॉर्सन यांनी १९३९ साली त्यांचे संकलन प्रसिद्ध केले. नंतरच्या संशोधनाने या मताला मुरड घातली. नॅशव्हिलचा छाप असलेली आरंभीची पंचांगेदेखील बोस्टनमध्ये तयार झाली असावीत असा निष्कर्ष पुढे आला. १८३७ च्या पंचांगावरील रानमांजराच्या कातड्याची टोपी घातलेले क्रॉकेटचे चित्र हे वस्तुतः वाइल्डफायरच्या वेषातील हॅकेटच्या चित्रावरून बेतलेले आहे. लोकांनी ज्याला क्रॉकेटचा चेहरा मानले तो एका नटाचा होता. याच पंचांगांत कृष्णवर्णीय, मेक्सिकन आणि मूलनिवासी यांची अत्यंत हीन टवाळी आहे, आणि तेथील क्रॉकेट मूलनिवासींना मारण्यात आनंद मानतो. १८३० साली त्याने दिलेले मत या कथांत कोठेही आढळत नाही. मौखिक परंपरा म्हणून ज्याचा गौरव झाला, त्यातील मोठा भाग शहरी मुद्रणालयांत शहरी वाचकांसाठी लिहिला गेला होता, हे लोकसाहित्याच्या प्रत्येक अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

श्रेष्ठ साहित्यातही हा नायक शिरला. १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मोबी डिक’ या कादंबरीच्या ब्याऐंशीव्या प्रकरणात मेल्व्हिल देवमाशाच्या शिकाऱ्यांची पौराणिक वंशावळ रचतो. तेथे हर्क्युलिसला तो प्राचीन काळचा क्रॉकेट ठरवितो. आणि त्याच यादीच्या शेवटी मत्स्यावतार धारण करणाऱ्या विष्णूला आणून बसवितो. मृत्यूला पंधरा वर्षे होतात न होतात तोच एक पराभूत प्रतिनिधी ग्रीक आणि भारतीय दैवतकथांच्या पंक्तीत जाऊन पोहोचला होता. मेल्व्हिलच्या विनोदात या घडणीवरचे भाष्यही आहे. त्यानंतर १८७२ सालचे फ्रँक मर्डॉकचे नाटक, १९५४-५५ मधील डिस्नेची दूरचित्रवाणी मालिका आणि तिच्यामुळे लक्षावधी मुलांच्या डोक्यावर आलेली शेपटीदार टोपी हा सर्वांना परिचित इतिहास आहे. ही लाट ओसरत असतानाच, १९५६ साली, जेम्स शॅकफर्ड यांचे साधार चरित्र प्रसिद्ध झाले. कोणते पुस्तक क्रॉकेटचे आणि कोणते इतरांचे याची छाननी करून आत्मचरित्रातील चिल्टनचा सहभाग त्यांनी स्पष्ट केला.

या चरित्राचा शेवट आलामोत करण्याची प्रथा आहे. परंतु क्रॉकेटला आयुष्यभर ज्या गोष्टीचा ध्यास होता तिचा निकाल नंतर लागला. त्याचा थोरला मुलगा जॉन वेस्ली क्रॉकेट १८३७ साली काँग्रेसवर निवडून आला आणि १८४१ साली त्याने पश्चिम टेनेसीच्या जमिनीचा कायदा, बदललेल्या रूपात का होईना, संमत करून घेतला. एलिझाबेथ १८५० नंतरच्या दशकात टेक्ससला गेली. पतीच्या सेवेबद्दल मिळालेल्या जमिनीवर तिने अखेरची वर्षे काढली आणि १८६० साली तेथेच तिचे निधन झाले. ज्या भूमीच्या आशेने तो घराबाहेर पडला होता ती अखेर त्याच्या कुटुंबाला लाभली. या दोन्ही गोष्टींवर पंचांगांनी एकही कथा रचली नाही.